सेपरेट भरून टॅक्स वाचतो का? एका कमेंटला उत्तर

अहो, कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की मी नवरा-बायकोनं टॅक्स रिटर्न 'जॉइंट भरा' (म्हणजे दोघांचं मिळून एकच) असं सरसकट सांगून मोकळा झालो, तुम्ही दोघं अमेरिकेत प्रत्येकी २ लाख डॉलर कमावता, लग्नाआधीपेक्षा आता टॅक्स जास्त जातोय, म्हणून सेपरेटच बरं.

जास्त जातोय हे खरं. पण तुम्ही तुलना लग्नाआधीच्या 'सिंगल' रिटर्नशी करताय, आणि ३१ डिसेंबरला लग्न झालेलं असेल, एकत्र राहत असाल तर तो पर्यायच उरत नाही हो! उरतं ते मॅरीड फायलिंग सेपरेटली, म्हणजे लग्न झालेल्यांनी वेगवेगळं रिटर्न भरणं, आणि ते वेगळंच प्रकरण आहे.

अ‍ॅडिशनल मेडिकेअर टॅक्सचंच घ्या, ठराविक मर्यादेच्या वरच्या पगारावर लागणारा जादा टॅक्स, ०.९ टक्के. सिंगलला मर्यादा २ लाख, म्हणजे तेव्हा तुम्हाला शून्य. जॉइंटला अडीच लाख, तुमचे दीड लाख वर गेले, १,३५० डॉलर. आता सेपरेट भरून बघा, मर्यादा प्रत्येकी सव्वा लाख, ७५ हजार याचे वर, ७५ हजार तिचे वर, ६७५ अधिक ६७५, झाले परत १,३५०. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! दुखणं लग्नाचं आहे, जॉइंटचं नाही.

एकच कमावता असेल तर मात्र जॉइंटचा फायदा दणदणीत. २०२४ चे आकडे धरून १ लाख पगारावर स्टँडर्ड डिडक्शन (ठराविक सरसकट वजावट) घेऊन सेपरेट भरलं तर १३,८४१ डॉलर टॅक्स, जॉइंट भरलं तर ८,०३२.

सेपरेट कधीच नको असंही नाही. एकाच्या डोक्यावर मोठं स्टुडंट लोन असेल आणि हप्ता आयबीआरसारख्या (इन्कम-बेस्ड रिपेमेंट) प्लॅनमध्ये पगारावर ठरत असेल तर सेपरेट भरल्यावर फक्त त्याचाच पगार धरतात, हप्ता बराच खाली येतो (लोनच्या व्याजाचं टॅक्समधलं डिडक्शन मात्र गेलं). आणि दुसरं म्हणजे जोडीदाराच्या धंद्याच्या हिशोबावर भरवसा नसेल तर. जॉइंटवर सही केली की पूर्ण टॅक्सची जबाबदारी दोघांवर, घटस्फोटानंतरही आयआरएस (तिकडचं टॅक्स खातं) दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकते, मग जबाबदारीतून सुटका मागणारा फॉर्म ८८५७ भरून 'मला माहीत नव्हतं' हे पटवत बसा. हा मुद्दा तुम्ही काढला असता तर मी लगेच मान डोलावली असती.

तुमच्या केसमध्ये सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही करून बघा. आणि अगदीच ठरत नसेल तर आधी सेपरेट भरा, कारण ते नंतर तीन वर्षांत १०४०-एक्स (रिटर्न दुरुस्तीचा फॉर्म) भरून जॉइंट करता येतं, पण जॉइंट भरून मुदत उलटली की सेपरेटवर जाता येत नाही.