‘घराण्याला दोष’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘कॅन्सर : जनुकांचा आजार’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, जनुकांचा आजार म्हटलं की लोक ‘रक्तातच आहे’ असं समजतात, रुग्णाच्या घराण्याकडे बोट दाखवतात आणि तंबाखू खाणारा ‘नशिबात असेल तर होईल’ म्हणून मोकळा होतो. कॅन्सर-संशोधक नडसन यांच्या शोधनिबंधाचं साल चुकलंय आणि जनुकांच्या चाचण्यांच्या खर्चावर चकार शब्द नाही, हेही तुम्ही लिहिलंत. आणि मधेच हे वाक्य : ‘ज्यांच्या घरात हा आजार आलेला नाही त्यांनी चार पुस्तकं वाचून आम्हाला शिकवू नये.’

साल चुकलं, मान्य. १९७२ नव्हे, १९७१.

पण ‘आलेला नाही’ हे तुम्हाला कोणी सांगितलं? मला न ओळखता माझ्या घराबद्दल असं ठोकून द्यायचं?

माझी आत्या मिश्री लावायची. चुलीपाशी बसून तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची. दिवसातून चार-पाच वेळा बोट त्या डबीत जायचं आणि मग उजव्या गालाच्या आत फिरत राहायचं. तिथेच आधी पांढरा चट्टा आला, मग न भरणारी जखम झाली. बायोप्सीचा कागद मी स्वतः आणला. सहा भावंडांत दुसऱ्या कोणाला कॅन्सर नव्हता, आजोबा-पणजोबांतही नव्हता. तरीही ‘त्यांच्याकडे आहे ते’ अशी कुजबूज झाली आणि तिच्या मुलीचं जमत आलेलं स्थळ मागे गेलं. घराण्याला दोष लागणं म्हणजे काय, ते मला तुम्ही समजावू नका.

म्हणूनच तो लेख लिहिला. जनुकीय वेगळं आणि आनुवंशिक वेगळं. कॅन्सर नेहमी पेशीच्या डीएनएमधल्या बिघाडातून होतो, पण तो बिघाड आईबापांकडून आलेला असतो शंभरात पाच-दहा जणांतच. बाकीच्यांत तो जन्मानंतर त्या एका जागच्या पेशींत साठत जातो. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स ही रसायनं गालाच्या आतल्या पेशींच्या डीएनएला चिकटतात, मग डीएनएची नक्कल होताना त्यातलं एखादं अक्षर चुकतं. चूक टीपी५३ या जनुकात झाली, तर बिघडलेल्या पेशीला थांबवणारा पहारेकरीच जातो. अशा चुका एकावर एक चढायला वर्षं लागतात. आत्याचा चट्टा आणि जखम यांत मोठा काळ गेला, तो याच कारणाने.

नडसन यांनी हेच लहान मुलांच्या दृष्टिपटलाच्या कॅन्सरवरून मांडलं. ४८ मुलांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. जनुकाच्या दोन प्रती असतात. एक जन्मतःच बिघडलेली असेल तर दुसरीला एकच धक्का पुरतो, म्हणून गाठी लवकर आणि बऱ्याचदा दोन्ही डोळ्यांत येतात. दोन्ही धक्के जन्मानंतर एकाच पेशीला बसायचे असतील तर ते क्वचित, उशिरा आणि एकाच डोळ्यात. आजार एकच, पण एका मुलात वारशाने आलेला, दुसऱ्यात नाही. हा फरक लेखात दोन परिच्छेद भरून लिहिलाय. तुम्ही तिथवर पोचलात का, याची मला शंका आहे.

शीर्षकावरून कोणी काय समजेल याची जबाबदारी माझ्यावर टाकताय. शीर्षक वाचून थांबणाऱ्यांसाठी मी लिहीत नाही.

आणि मिश्री, गुटखा खाणाऱ्याला ‘नशीब’ हे कारण माझा लेख देत नाही, उलट काढून घेतो. बोट फिरतं तिथेच जनुक बिघडतं, आणि ते बोट आपलंच असतं. हे वाचून कोणी डबी फेकली नाही तर तो दोष विज्ञानाचा नव्हे.

चाचण्यांच्या खर्चाचा विषय वेगळा आहे, त्यावर आज लिहीत बसत नाही.

तुमच्या वडिलांच्या आजाराबद्दल प्रतिक्रियेत वाचून वाईट वाटलं, हे मनापासून. पण दुःख तुमच्याच घरात आहे असं धरून दुसऱ्याशी बोलू नका. प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. साल सकाळीच दुरुस्त केलंय.