दोन स्वेटर की एक रेनकोट?

डिसेंबर लागला, की धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात नोंदलेले किमान तापमान वर्तमानपत्रात वाचणे आणि त्यावर बोलणे हे अमळनेरच्या आमच्या कट्ट्याचे नेमाचे काम असते. या वेळी मात्र बोलणे वादावर गेले, कारण पहाटे मोटारसायकलला दुधाचे कॅन बांधून गावात येणारे नाना दोन स्वेटर घालूनही कुडकुडत चहाला आले आणि आता तिसरा घ्यावा लागणार, असे म्हणाले.

रोज गाडीवरून धुळ्याला नोकरीला जाणाऱ्या सरांना ते पटले नाही. त्यांचे म्हणणे असे, की स्वेटर ऊब देतो ती लोकरीत अडकलेल्या हवेमुळे. गाडी ताशी 60 किलोमीटरने धावू लागली, की वारा विणीतून आत शिरून तीच हवा उपसून काढतो, मग स्वेटर दोन असोत वा तीन. तापमान 10 अंश असेल, तर त्या वेगाला उघड्या कातडीला 5 अंशांइतकी थंडी बोचते. म्हणून स्वेटर एकच ठेवावा आणि वर पावसाळ्यातला रेनकोट चढवावा.

"रेनकोटात अंग घामेजते सर, आणि दूध घालायला दारोदार उतरलो, की तोच घाम गार पडतो," नाना म्हणाले. हा मुद्दा मला तरी बिनतोड वाटला. सुती बनियन घाम धरून ठेवते, हे सरांनाही मान्य करावे लागले. आत खेळाडूंचे असते तसले लवकर वाळणारे बनियन घालावे आणि उतरल्यावर रेनकोट मोकळा करावा, एवढी दुरुस्ती त्यांनी केली. तरुणपणी राजदूत चालवलेल्या आबांनी मात्र दोघांनाही बाजूला सारले. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची चार पाने घातली, की झाले, कारण "थंडी नही, वारा मारस!"

जाड माकडटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही आणि मफलरची टोके चाकात जाऊ नयेत म्हणून आत खोचावीत, यावर कोणी वाद घातला नाही. सगळे अडले ते हातांवर. नाना एकावर एक दोन घट्ट हातमोजे घालतात. त्याने रक्त फिरेनासे होऊन बोटे उलट लवकर बधिर होतात, असे सर म्हणाले. मोठ्या मापाचे जाड हातमोजे घातले तर क्लच कळत नाही, हे नानांचे उत्तर. मुठींवर चढवायची रेग्झिनची कव्हरे सरांनी सुचवली, तेव्हा गाडी घसरल्यावर त्यांतून हात चटकन निघेल का, असे आबांनी विचारले आणि सर गप्प झाले.

हातांचे काही ठरले नाही. नानांनी उठताना टपरीवरचे कालचे वर्तमानपत्र मागून घेतले आणि सगळ्यांसमोर छातीशी खोचले. रेनकोट घरी होता.