पट्टा बांधून हमालाची पाठ वाचत नाही

'पाठदुखी वजनामुळे नाही, चुकीच्या पद्धतीने उचलल्यामुळे होते. कमरेला पट्टा बांधा, गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा. जुने हमाल क्विंटलभराचं पोतं उचलायचे, त्यांना काही झालं नाही.' हा संदेश फोनवर सारखा फिरतोय. दुखापतीचा सगळा दोष तो उचलणाऱ्याच्या माथी मारतो, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायला हवं.

आधी पट्टा. अमेरिकेतल्या 'नायॉश' या सरकारी संशोधन संस्थेने १६० दुकानांमधल्या माल हलवणाऱ्या ९,३७७ कामगारांच्या मुलाखती घेऊन पाहणी केली. निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. पट्टा रोज बांधणारे असोत वा कधीच न बांधणारे, पाठीच्या दुखापतींत फरक दिसला नाही. दुकानात पट्ट्याची सक्ती होती की नव्हती, यानेही नाही. पट्ट्याने आधार वाटतो हे खरं, पण त्या भरवशावर माणूस जास्त वजन घ्यायला धजावतो, हा धोका वेगळाच.

उचलण्याच्या पद्धतीचं प्रशिक्षणही वाटतं तितकं कामाला येत नाही. अमेरिकेच्या टपाल खात्यात एक मोठा प्रयोग झाला, त्यात २,५३४ कर्मचारी आणि १३४ पर्यवेक्षकांना प्रशिक्षण दिलं. प्रशिक्षण मिळालेल्यांना माहिती जास्त होती, दुखापती मात्र कमी झाल्या नाहीत (१९९७). यात नवल नाही. मालाने ठासून भरलेल्या ट्रकमध्ये, दोन थप्प्यांच्या फटीत उभं राहून गुडघ्यात वाकायचं कसं? वाकायला जागाच नसते.

'वजनामुळे नाही' हे तर साफ चूक आहे. 'नायॉश'च्या सूत्रात सगळं अनुकूल असताना वजनाची शिफारस २३ किलो आहे. अनुकूल म्हणजे ओझं अंगाजवळ, साधारण ७५ सेंटिमीटर उंचीवर, कंबर न पिळता, अधूनमधून उचललेलं. तेच ओझं अंगापासून २५ऐवजी ५० सेंटिमीटर लांब गेलं की मर्यादा निम्मी, म्हणजे ११.५ किलो. वर ते जमिनीवरून उचलायचं असेल तर जेमतेम ९ किलो. आता आपल्या बाजार समितीतलं ५० किलोचं पोतं आठवा. ते जमिनीवर पडलेलं असतं, पकडायला कान नसतात, आणि गाडी भरेपर्यंत हमाल ते पुन्हा पुन्हा उचलत राहतो. याला कुठली पद्धत पुरी पडणार?

राहिले जुने हमाल. ज्यांची कंबर गेली ते गावी परतले, ते तुम्हाला यार्डात दिसणार कसे? जे टिकले तेवढेच पाहून 'काही झालं नाही' म्हणणं हा त्या परतलेल्यांवर अन्याय आहे. १९६९च्या माथाडी कायद्याने या माणसांना नोंदणी, ठरलेली मजुरी, भविष्य निर्वाह निधी दिला. ही मोठी कमाई आहे. पण पाठीवरचं ओझं हलकं करायचं काम त्याने संपत नाही.

मग उपाय काय? गोदामाचा ओटा ट्रकच्या फाळक्याइतका उंच बांधा, म्हणजे फळीवरून ओझं घेऊन चढणं-उतरणं टळतं. पोती ढकलगाडीवरून हलवा, गाडी चालेल अशी फरशी घाला. थप्पी खांद्याच्या वर नेऊ नका. शक्य तिथे दोघांनी मिळून उचला. आणि पोतंच लहान करा. ब्रिटनमध्ये सिमेंटची गोणी २५ किलोची मिळते, आपल्याकडे अजून ५० किलोची.

'लहान पोती म्हणजे दुप्पट फेऱ्या' असं म्हणतील. फेऱ्या वाढतील, हे मान्य. पण एका उचलीत मणक्यावर येणारा दाब कमी होतो, आणि त्या फेऱ्या गाडीवरून झाल्या तर त्रास आणखी घटतो. हमालीचा दर मात्र त्याच वेळी बघायला हवा. दर पोत्यामागे असेल आणि पोतं निम्मं झालं म्हणून व्यापाऱ्याने दरही निम्मा केला, तर तेवढ्याच पैशांसाठी हमाल पुन्हा दोन-दोन पोती एकदम पाठीवर घेईल.