घ्यायलाच लागतंय काय?

आज दुपारी बाररूममध्ये नुकतीच सनद मिळालेला एक पोरगा जवळ सरकून हळूच म्हणाला, "दादा, घ्यायलाच लागतंय काय हो?" त्याला कुणीतरी सांगितलंय, संध्याकाळी सिनियरांबरोबर दारूच्या बैठकीला बसायला शिक, मग मॅटर, म्हणजे केसेस, येतील. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांचं काम इथं आलं आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हिंमत करून स्वतःच्या नावाची पाटी लावली. मीही लावली. त्याच सुमारास माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 6.3 टक्के आली. 6.5 पासून मधुमेह धरतात. मधुमेहानं वडिलांचं काय केलं ते मी घरात बघितलंय. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेला आहार पाळायचा म्हणजे पाळायचा. सकाळी कोर्टाला निघण्याआधी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोडाची मटकी. संध्याकाळी साडेसातला पुन्हा तसंच. मधे पाणी नाहीतर पातळ ताक. दारू पूर्ण बंद. आपल्या गावात रश्श्याला नको म्हणणं किती अवघड असतं ते तुम्हाला सांगायला नको, पण तेही निभतं. निभत नाही ती रात्रीची बैठक.

जमिनीच्या वाटपाच्या दाव्यातलं एक सेकंड अपील, म्हणजे हायकोर्टातलं दुसरं अपील, होतं. कायद्याचे मुद्दे मी काढले, मेमो मी ड्राफ्ट केला, सातबारा आणि फेरफार एकेक करून मी लावून घेतले. त्या आठवड्यात हायवेच्या ढाब्यावर बैठक ठरली. मी घरी जेवून गेलो आणि लिंबू-सोडा घेऊन बसलो. शेंगदाण्यांची ताटली माझ्याकडं सरकवत एक ज्येष्ठ म्हणाले, "वकील हाईस की पेशंट?" सगळी टेबलं हसली. अकराला उठलो, कारण सकाळी कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या यादीत, पहिल्या पाचात मॅटर होतं. दुसऱ्या दिवशी कळलं की अपिलाची फाईल दुसऱ्याच्या हातात गेली. का? तो शेवटपर्यंत बसला होता.

वकिलाला जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 36 आहे. वेबसाईटवर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र असा मोजकाच तपशील टाकता येतो. नियम चांगलाच आहे, माझी तक्रार नाही. पण मग नव्या माणसाला काम मिळणार ओळखीतून, सिनियरच्या शब्दातून. आणि तो शब्द जर रात्री अकरानंतर ग्लासावरच पडणार असेल, तर ज्याला औषध चालू आहे त्यानं काय करायचं? ज्यांच्या घरी लहान पोर आहे त्यांनी? आपल्या ज्युनिअर मुलींनी काय करायचं, हे तर कुणी विचारतच नाही. त्या ढाब्यावर एकही मुलगी नव्हती. त्या अपिलासाठी चांगला युक्तिवाद करेल अशी एक मला माहीत होती, पण तिचं नावसुद्धा निघालं नाही.

आणि पाच वर्षांचा कोर्स करून आलेलं पोरगं तेवीस वर्षांचं असतं हो. महाराष्ट्रात पंचवीस पूर्ण झाल्याशिवाय व्हिस्की-रम देता येत नाही. त्याच्या हातात पेग देणारे आपण कोण? कायदा सांगून पोट भरणारे!

मान्य, बैठकीत सिनियर मोकळे होतात, उलटतपासणीतल्या चार गोष्टी मीही तिथंच ऐकल्यात. पण त्याच गोष्टी चार वाजता चेंबरमध्ये चहावर सांगायला काय हरकत आहे?

मी पिणाऱ्यांच्या विरोधात नाही. माझे जवळचे मित्र घेतात, मीही घेत होतो, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. राग येतो तो आग्रहाचा. "एकानं काय होतंय" म्हणणाऱ्याला माहीत नसतं की साखरेची काही औषधं चालू असताना रिकाम्या पोटी दारू गेली तर साखर झपकन खाली येते. माहीत असायला हवं असंही नाही. नको म्हटलं की नको, एवढं पुरे आहे.

हे लिहिता लिहिता थोडा शांत झालोय. ज्या ज्येष्ठांनी मला पेशंट म्हटलं त्यांनीच पहिल्या वर्षी मला हाताला धरून वकालतनामा कसा भरायचा ते दाखवलंय. त्यांच्या मनात खोट नाही, त्यांना त्यांच्या सिनियरनं असंच घडवलं. पण ज्युनिअरला शहरात महिन्याला वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत, असं बार कौन्सिलनं ऑक्टोबर 2024 मध्ये सुचवलं. आपल्याकडं किती जण देतात ते आपल्याला माहीत आहे. पैसे नाहीत तर निदान काम तरी मिळावं, आणि तेही शुद्धीत असताना वाटलेलं.

त्या पोराला मी सांगितलं, "नाही लागत. उद्यापासून सहाला माझ्या ऑफिसात येत जा, दोन फाईली वाचायला देतो." आणि ही पोस्ट वाचणाऱ्या सगळ्या ज्येष्ठांना हात जोडून विनंती: रात्री हवं तेवढं बसा, पण कुणाच्या हातात कुठली फाईल द्यायची ते दुपारी ठरवा, चेंबरमध्ये, सगळ्या ज्युनिअरांसमोर, मुलींसमोरही.