‘तुमच्या तिकडे’ही सिस्टरला मार बसतो

‘द पिट’ या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या सीझनचा शेवट पाहून मी तरी चक्रावलो. (पाहायची असेल तर इथेच थांबा, पुढे सगळं फोडलंय.) पंधरा भाग, आणि प्रत्येक भाग म्हणजे पिट्सबर्गच्या एका कॅज्युअल्टीतल्या एकाच पाळीचा एकेक तास. मी याच शहरात राहतो. बाहेरून दाखवतात ती इमारत आमच्या नॉर्थ साइडचं अलेघेनी जनरल हॉस्पिटल, त्यामुळे जरा जास्तच जीव लावून पाहत होतो. शेवटच्या काही भागांत संगीत महोत्सवातल्या गोळीबाराचे जखमी येऊन पडतात, तेव्हा वाटलं, आता शेवटी याहून मोठं काहीतरी होणार. १० एप्रिल २०२५ ला आलेल्या शेवटच्या भागात तसलं काहीच झालं नाही. पाळी संपली. मंडळी बाहेर बागेत बिअर घेऊन बसली, आणि रात्रपाळीच्या डॉ. अ‍ॅबटचा एक पाय कृत्रिम आहे, हे आपल्याला तेव्हा कुठे कळलं.

मला लागली ती डाना. कॅज्युअल्टीची इन्चार्ज सिस्टर. ती तिथे लावलेले आपले फोटो उतरवून घेते आणि परत येईन की नाही, हे कोणाला धड न सांगता निघते. दुसऱ्या सीझनमध्ये ती परतली, ते सोडा. ती निघाली का, ते बघा. छातीत दुखतंय म्हणून तासन् तास बसवून ठेवलेला एक पेशंट वैतागून निघतो आणि बाहेर सिगारेट ओढत उभ्या असलेल्या डानाच्या तोंडावर ठोसा मारतो.

आमच्या भावंडांच्या ग्रुपवर वाद ठरलेला आहे. कुठेतरी नातेवाइकांनी निवासी डॉक्टरला मारलं, त्यांच्या संघटनेने, मार्डने, काम बंद केलं, की एक बाजू म्हणते डॉक्टर माजले, दुसरी म्हणते आपल्याच लोकांना अक्कल नाही. मग नागपुरातल्या धंतोलीचा दादा मला मध्ये ओढतो : ‘तुमच्या तिकडे असं नसते ना बाप्पा?’

असते, दादा. १९८६ च्या कायद्याने इथल्या इमर्जन्सीला कोणालाही, खिशात दमडी नसली तरी, तपासल्याशिवाय परत पाठवता येत नाही. चांगलाच कायदा आहे. पण वरच्या वॉर्डात खाट नाही, नर्स नाहीत, म्हणून भरती झालेले पेशंट खालीच अडकून पडतात आणि बाहेरचे खुर्च्यांवर ताटकळतात. मालिकेतली व्यवस्थापक ग्लोरिया पेशंटच्या समाधानाचे आकडे घेऊन कॅज्युअल्टी सांभाळणाऱ्या डॉ. रॉबीच्या मागे लागते. तो म्हणतो, आधी नर्सना नीट पगार द्या.

पण इथल्या आणि तिथल्या रागाचं मूळ सारखं नाही, आणि ग्रुपवर नेमकं तेवढंच कोणी बोलत नाही. इथे नातेवाईक नुसता बसून असतो. आपल्याकडे नातेवाईकच दवाखाना चालवतो! काका एका मोठ्या दवाखान्यात होते तेव्हा स्ट्रेचर ढकललं चुलतभावाने, रक्ताची चिठ्ठी घेऊन पळाला तोच, सलाइन संपत आली की सिस्टरला हाक मारायची तीही त्यानेच, आणि रात्री व्हरांड्यात चटई टाकून निजला. चार दिवस बिनपगारी वॉर्डबॉय. पाचव्या दिवशी ‘पेशंट सिरीयस आहे’ एवढं तीन शब्दांत ऐकल्यावर तो जो काही ओरडला, त्याचं मी समर्थन करत नाही. त्या पोरसवदा डॉक्टरचेही डोळे झोपेने लाल झाले होते.

नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांत नुसतं नागपूर येत नाही. गडचिरोली, चंद्रपूर येतं, छिंदवाडा, बालाघाटही येतं. एवढ्या लोकांशी बोलायचं कोणी? छत्तीस तासांच्या ड्युटीतल्या निवासी डॉक्टरने? २०१० च्या राज्याच्या कायद्यात डॉक्टरवर हात उचलणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे. असावाच. पण मारणारा त्या क्षणी कलम आठवत नाही.

सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक नावाचं पद आहे. त्यांचा बहुतेक वेळ योजनांचे कागद जुळवण्यात जातो. माझं म्हणणं एवढंच, की कॅज्युअल्टीच्या दारात तिन्ही पाळ्यांना असा एक माणूस बसवा. त्याने दर तासाला नातेवाइकाला सांगावं, वऱ्हाडीत, हिंदीत, गोंडीत, की आत काय चाललंय आणि किती वेळ लागेल. आणि स्ट्रेचर ढकलायला पगारी माणूस द्या.

दादाने लगेच लिहिलं, ‘इथे बसून सांगा ना, तिकडून काय सांगता?’ बरोबर आहे त्याचं. वर विचारलं, ‘पगार कोण देईल?’ मी म्हटलं, दारावर सुरक्षा बलाचे जवान वाढवायला पैसे निघतात ना, त्यातलेच दोन-चार पगार इकडे वळवा. यावर धंतोलीहून अजून उलट उत्तर आलेलं नाही, पण येईल.