गर्दीतला एकटेपणा

स्वमग्न (ऑटिस्टिक) स्त्रियांना माणसांची ओढच नसते, असे विधान एका लेखात वाचले; ते मला मान्य नाही. मी गोव्यातील फोंड्याची, माझ्या स्वमग्नतेचे निदान वयाच्या ३८व्या वर्षी झाले. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमचे घर माणसांनी भरून जाते. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळे मी दरवर्षी मन लावून बांधते, पण आरती सुरू झाली की घुमट या मातीच्या वाद्याचा आणि झांजांचा आवाज अंगावर कोसळल्यासारखा होतो आणि फुगडीच्या वेळी मी स्वयंपाकघरात भांडी आवरत राहते. ‘ती जरा मानी आहे,’ असा त्याचा अर्थ लावला जातो. त्या फुगडीत कोणीतरी आपलाही हात धरावा असे मला वाटत असते, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

कधी हसावे, कधी मान डोलवावी हे मी लहानपणी इतर मुलींकडे पाहून पाठ केले. त्यामुळे जी मैत्री जुळते ती त्या पाठांतराशी जुळते आणि मी बाहेरच राहते. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये वर्णन केलेल्या ११ स्वमग्न बालकांत मुली फक्त ३ होत्या आणि पुढेही स्वमग्नतेचे चित्र प्रामुख्याने मुलग्यांवरूनच रंगवले गेले. स्वतः स्वमग्न असलेले संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलेला विचार मला अधिक पटतो: एकमेकांना न समजण्याची अडचण स्वमग्न आणि इतर माणसे अशा दोन्ही बाजूंना असते.

माझी मावसबहीण आता आरती संपेपर्यंत माझ्यासोबत मागच्या दारी बसते. आम्ही फारसे बोलत नाही.