राणीचं कौतुक, पॅसेंजरचं भंगार

पुण्याहून भाच्याचा फोन आला की निम्मा वेळ डेक्कन क्वीनवर जातो. २०२२ च्या जूनमध्ये तिला नव्या बनावटीचे एलएचबी डबे लागले, तेव्हापासून जुन्या डब्यांचं काय करावं यावर त्याच्या मित्रांचा काथ्याकूट चालू आहे. कुणी म्हणतं जतन करा, कुणी म्हणतं सीएसएमटीला काढलंय तसं डब्यात हॉटेल काढा. परवा मी मध्येच म्हटलं, "अरे, साध्या पॅसेंजरचाही एखादा डबा ठेवा की." तर म्हणतो, "मामा, वारसा म्हणजे डेक्कन क्वीन. पॅसेंजर बघायला कोण येणार?"

तेव्हापासून डोकं फिरलंय.

इथे इंग्लंडात, लीड्सला, मी बारा वर्षं पेसर नावाच्या साध्या लोकल ट्रेनने कामावर गेलो. लेलँडच्या बसचे भाग वापरून ऐंशीच्या दशकात बांधलेली गाडी. डब्याखाली चाकांच्या दोनच जोड्या, त्यामुळे वळणावर अशी किंचाळायची की फोनवरचं बोलणं थांबवावं लागे. सगळ्या यॉर्कशरने तिला शिव्या घातल्या, मीही घातल्या. पण ती निघायची वेळ आली तेव्हा, २०१९ साली, सरकारनेच लोकांना विचारलं की हिचं काय करता येईल, सुचवा. एक ब्रॅडफर्डच्या प्राथमिक शाळेला मिळाली, एक एअरडेलच्या हॉस्पिटलला, एक हडर्सफिल्डला मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेला. १४२००१ नंबरची तर थेट इथल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहात गेली. ही कुठली राणी लागून गेली, असं कुणी विचारलं नाही.

(बाकीच्या बऱ्याचशा भंगारातच गेल्या. हे भाच्याला सांगितलं नाही.)

माझी गाडी बार्शी लाइट रेल्वे. अडीच फुटी रूळ; १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी, १९०६ ला पंढरपूरपर्यंत. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने आखलेली, आणि तिची पहिली इंजिनं किटसन कंपनीची, म्हणजे लीड्सच्या हन्स्लेटमधली. हे मला इथे आल्यावर कळलं. आता बस हन्स्लेटवरून जाते तेव्हा उगीच बाहेर बघतो. आषाढीला आजीबरोबर पंढरपूरला जाताना डोळ्यात कोळशाचा कण गेला की ती पदराचं टोक ओठांत ओलं करून तो काढायची. आपल्याकडे फार तर इंजिनाला रंग देऊन स्टेशनबाहेर चौथऱ्यावर चढवतात. पण आजी बसायची ती डब्यात.

एवढं बोलतोय खरा, पण ऑफिसात कुणी भारतातल्या रेल्वेबद्दल विचारलं की मीही डेक्कन क्वीनच काढतो. १९३० ची गाडी, डायनिंग कार, त्यातलं ऑम्लेट, सगळं चवीने सांगतो. तिच्यात मी एकदाही बसलेलो नाही. बार्शीहून मुंबईला गेलो तो रात्रीच्या एसटीने, पहिल्यांदा विमान पकडायला. आणि नॅरोगेज निघाली तेव्हा आई फोनवर म्हणाली होती, "आपली गाडी बंद होतेय रे." मी म्हटलं, "बरं झालं, ब्रॉडगेज येईल." ती पुढे काही बोलली नाही. मीही विषय बदलला.

गेल्या महिन्यात कीथलीला जाऊन वर्थ व्हॅली या जुन्या गाड्या चालवणाऱ्या रेल्वेच्या जपलेल्या पेसरमध्ये बसलो, तिकीट काढून. वळणावर ती किंचाळली. समोरच्या म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून मान हलवली, मीही हलवली. उतरल्यावर भाच्याला फोटो पाठवला.

त्याचं उत्तर आलं, "मामा, ही बस आहे का?"